गाण्यांचे कंपाउंडर

कंपाउंडर गाणं लिहायला घेण्याआधी गायकाचा घसा तपासायचे. अगदी खरोखरचा. हातात दवाखान्यातली टॉर्च, जीभ दाबायची पट्टी आणि "आ कर" असा हुकूम. आमच्या बँडचा गायक सॅमी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिला, तेव्हा आपले टॉन्सिल्स काढायला निघालेत की काय, या भीतीने तो दोन पावलं मागे सरकला होता. कंपाउंडरांनी त्याला आधी 'आ' म्हणायला लावलं, मग 'ई', मग 'ओ'. प्रत्येक वेळी डोळे मिटून कान पुढे करून ऐकलं. मग टॉर्च विझवून म्हणाले, "पोराचा 'आ' लई मोठा हाय. 'ई'वर मात्र चिरकतंय. वर चढायचं आसंल तिथं मी 'आ' देतो. 'ई' खालीच ठिवू." सॅमीने पुढे जी स्टेजं गाजवली, ती त्या 'आ'वर. त्याला स्वतःला हे कधी कळलं नाही, तो भाग वेगळा.

तुम्ही चाळिशीच्या आसपासचे असाल आणि नगर, नाशिक, पुण्याकडच्या कुठल्याही कॉलेजात गॅदरिंगला नाचला असाल, तर कंपाउंडरांच्या शब्दांवर नाचला आहात, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. 'फाटक बंद' आठवतंय? "फाटक बंद, गाडी येतेय, थांबा, थांबा, थांबा, ती पलीकडं, मी अलीकडं, मधी डबाच डबा!" त्या 'थांबा'वर अख्खा हॉल उड्या मारायचा. किंवा 'उद्या ये'? "आज साहेब न्हाई, उद्या ये, उद्या सही न्हाई, परवा ये." अजून लोक त्यावर रील्स काढतात. ही सगळी गाणी श्रीरामपूरच्या 'गुऱ्हाळ' या रॉक बँडची म्हणून ओळखली जातात. मी त्या गुऱ्हाळचा ड्रमर. मला विचारा. त्यातला एकही शब्द आम्हा चौघांपैकी कोणाचा नाही. आम्हाला गिटारी बडवता येत होत्या, केस वाढवता येत होते आणि भाव खाता येत होता. शब्द मागायला मात्र आम्ही संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहायचो.

दवाखाना स्टेशनाच्या रस्त्यावर होता. पुढे डॉक्टरसाहेबांची खोली, मध्ये पेशंटची बाकं, आणि कोपऱ्यात एक हातभर खिडकी. त्या खिडकीमागे कंपाउंडर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेनाच्या शाईचा जुना डाग, डोक्याला खोबरेल तेल. औषधाच्या बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवून देणारे ते श्रीरामपुरातले शेवटचे असावेत. एक दात म्हणजे एक डोस. गाण्यांनाही त्यांचं तेच माप. आम्ही तिसरं कडवं मागितलं की म्हणायचे, "दोन पुरे. तिसरं दिलं की उलटी हुती." मी हट्टाने एकदा तिसरं कडवं स्वतः लिहून नेलं होतं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी केली आणि त्यात एका पेशंटला सोडामिंटच्या गोळ्या बांधून दिल्या.

त्यांचा कच्चा माल सगळा त्या खिडकीतून यायचा. "रांगेतला मानूस खोटं बोलत न्हाई," असं ते म्हणायचे, "त्याला दुखत आसतंय." 'उद्या ये' हे गाणं अशाच एका म्हाताऱ्याने दिलं. सातबाऱ्यावर एक नोंद करून घ्यायला तो महिनाभर कचेरीत खेटे घालत होता आणि डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात आला होता. कंपाउंडरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. तो म्हणाला, "त्यो 'उद्या ये' म्हनतोय तवापासून." कंपाउंडरांनी गोळी दिली, पाणी दिलं आणि आम्हाला निरोप धाडला.

गाणं तयार झालं की तपासणी. ते खिडकीत पुड्या बांधता बांधता नवी ओळ गुणगुणायचे आणि नजर ठेवायचे बाकाखालच्या पायांवर. पाय हलले तर ओळ पास. कोणी मान वर करून "काय म्हनला?" असं विचारलं, तर तो शब्द तिथल्या तिथे रद्द. आमच्या गिटारवाल्याला प्रत्येक गाण्यात 'क्षितिज' हवं असायचं. कंपाउंडरांनी त्याला खिडकीशी नेऊन बाहेर बोट दाखवलं होतं, "दाव बरं कुठं हाय त्ये. मला तर कारखान्याची चिमनी दिसती." मग गाण्यात चिमणी आली आणि तेच गाणं साखर कारखान्याच्या कॉलनीत प्रत्येक हळदीला वाजू लागलं. गिटारवाला महिनाभर फुगून बसला होता.

आमची पहिली कॅसेट निघाली तेव्हा आम्ही म्हणालो, "काका, कव्हरवर तुमचं नाव घालतो." त्यांनी हात झटकला. "बाटलीवर डॉक्टरांचं नाव आसतंय. कंपाउंडरचं कुनी छापतं का? बरं कुनी केलं, त्ये पोटाला ठाऊक आसतंय." आम्ही वरवर खूप आग्रह केला. आणि खरं सांगू? मनातून हायसं वाटलं. पंचवीस वर्षांच्या पोरांना, आपली गाणी एक तेल लावलेला कंपाउंडर लिहितो, हे जगाला सांगायला लाज वाटत होती. कव्हरवर आम्ही 'गीत-संगीत : गुऱ्हाळ' असं छापलं. आज त्या लाजेचीच मला लाज वाटते.

पुढे सॅमी एका वाहिनीवर मुलाखतीला गेला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हे इतके साधे आणि नेमके शब्द येतात कुठून? सॅमीने केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, "सुचतात. आतून येतात." मी आणि कंपाउंडर दवाखान्यातल्या छोट्या टीव्हीवर ते बघत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन उचलला, तर यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. हसून हसून त्यांना ठसका लागला होता. "आतून येतात म्हनं! आत म्या बघितलंय की टॉर्च मारून. आत काय बी न्हाई!" शेंगदाण्याचं फोलपट नाकात जाईपर्यंत हसले ते त्या दिवशी.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, या माणसाला नावाची हौसच नव्हती. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण एक जागा होती, फक्त एक, जिथे स्वतःचं नाव छापलेलं बघायला ते जीव टाकायचे. ती म्हणजे आमच्या चर्चची गीतांची पुस्तिका.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तशी लहान, पण पुस्तिका आमची स्वतःची. मोठ्या छापील गीतपुस्तकाशिवाय आपल्याच माणसांनी रचलेली भजनं त्यात असतात, आणि प्रत्येक भजनाखाली रचणाऱ्याचं नाव. कंपाउंडरांचे वडील सोनईला शाळेत मास्तर होते. त्यांचं एक भजन त्यात आहे. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा त्या भजनाशिवाय होत नाही. मास्तर कडक होते; पोरगा ऑर्केस्ट्राला गाणी लिहितो, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, पण गाणं हा विषय मात्र घरातून कायमचा बंद झाला. "बाबांच्या पुस्तकात मला एक पान पायजे," कंपाउंडर मला म्हणाले होते. "एकच. खाली माजं नाव. बस्स. मंग मी मेलो तरी चालतंय." हे सांगताना ते हसत नव्हते. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आता पुस्तिकेत गाणं जायचं, तर त्याची आमच्याकडे एक रीत आहे. कमिटी ठरवत नाही, चर्चचे पाळकसाहेबही ठरवत नाहीत. हंगामाच्या सणाला, जेव्हा लोक वेदीपुढे ऊस, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या आणून ठेवतात, त्या उपासनेत नवं गाणं शिकवलं जातं. रचणारा एक ओळ म्हणतो, मंडळी ती मागे म्हणते. असं दोनदा. तिसऱ्या वेळी रचणाऱ्याने गप्प राहायचं. पहिल्या बाकांवर म्हाताऱ्या बायका बसतात; त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना वाचता येत नाही. त्या बाकांवरून गाणं आपणहून उठलं, तर ते मंडळीचं झालं. नाही उठलं, तर पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणतात आणि सगळ्यांना काय ते कळतं.

कंपाउंडर तिथे तीन वेळा उभे राहिले आणि तिन्ही वेळा प्रार्थना झाली. ज्या माणसाच्या शब्दांवर हजार-हजार पोरं नाचत होती, त्याच्या भजनावर शंभर माणसं खाली माना घालून बुटांकडे बघत बसली. मी त्या तिन्ही वेळी तबल्यावर होतो. तिसऱ्या वेळची शांतता तर मला अजून ऐकू येते. मधेच एक कोंबडी ओरडली आणि लहान पोरं फिदीफिदी हसली. कंपाउंडर पाठ ताठ ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसले. नंतर वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात त्यांनी एक भोपळा घेतला, कोणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी गेले.

मला खरं कारण माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. देवाचं गाणं लिहायला बसले की कंपाउंडरांचा एकदम दुसराच माणूस व्हायचा. अंगावर आंघोळीचा टॉवेल, समोर उदबत्ती नसली तरी असल्यासारखा चेहरा, आणि मग कागदावर "हे करुणासिंधो, पतितजनोद्धारका, तव पदकमली शरणागत मी"! पहिल्या बाकावरच्या बायकांची जीभ पतितजनोद्धारकावर ठेचकाळायची आणि तिथेच बसायची. ती भजनं त्यांनी कधी खिडकीत गुणगुणलीसुद्धा नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "देवाचं गानं रांगेत तपासायचं? जुलाबाच्या पेशंटपुढं?"

तिसऱ्या खेपेनंतर आठवड्याने ते माझ्या दुकानात आले. बँड तोवर मंदावला होता आणि मी वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्यांच्या हातात चौथं भजन होतं. पहिलाच शब्द 'ब्रह्मांडनायका'. माझा स्वभाव तापट, जिभेला हाड नाही, आणि त्या दिवशी एका हार्मोनियमने सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. मी बोलून गेलो, "काका, देवाला तुम्ही तहसीलदार समजता का? हे भजन नाही, अर्ज आहे अर्ज. सॅमीसारख्या बैलाला तुम्ही माणसासारखं बोलायला लावलंत, आणि स्वतः देवापुढे तोंड उघडलं की तुमची भीतीनं बोबडी वळते. बाबांना दाखवायला लिहिताय तुम्ही. ते नाहीत आता!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. कंपाउंडरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, चष्मा पुसला. "हार्मोनियमचा भाता फाटलाय त्यो," एवढंच म्हणाले आणि गेले. भाता खरंच फाटला होता. पुढचे सात-आठ महिने ते माझ्या दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे. मी दोनदा घरी जाऊन आलो. काकूंनी चहा दिला, यांनी पेपर तोंडापुढून खाली केला नाही. मला रात्रंदिवस वाईट वाटत होतं, पण खोटं बोललो असं मात्र वाटत नव्हतं.

मग एके दिवशी संध्याकाळी ते सरळ दुकानात शिरले, स्टुलावर बसले आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगू लागले. दवाखाना बंद व्हायची वेळ होती. डॉक्टरसाहेब निघून गेले होते. कंपाउंडर दाराला कडी घालतच होते, तेवढ्यात रस्त्याच्या त्या टोकाकडून एका बाईची हाक आली. तिची एसटी चुकली होती, अंगात ताप होता आणि ती गावाकडून पायी येत होती. लांबूनच ती ओरडत होती, "दार लावू नका, कंपाउंडर! मी चालत येतीय! दार लावू नका!" ते दार धरून उभे राहिले. ती पोहोचायला चांगली दहा मिनिटं लागली. ती सगळी दहा मिनिटं ती तेच म्हणत होती आणि हे तिकडून "या, या, उघडं हाय" म्हणत होते.

"ढमढम्या," ते मला म्हणाले (ड्रमरला त्यांनी ठेवलेलं हे नाव), "ती बाई माज्यासंगं काय बोलत हुती? आरं, हेच तर मला त्याला म्हनायचं हुतं. इतकी वर्सं." आणि मांडीवर ताल धरून त्यांनी म्हणून दाखवलं,

"दिवा बारीक कर, पर इझवू नको, देवा,
मी चालत येतोय, दार लावू नको, देवा."

माझ्या दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक गिटारची तार घ्यायला आलं होतं. त्याला ना देवाशी देणंघेणं होतं ना आमच्याशी. त्याचा पाय हलत होता. कंपाउंडरांनी तो बघितला, मी बघितला. मग ते म्हणाले, "तू म्हनला त्ये बरोबर हुतं. पर म्हनायची तऱ्हा लई वाईट हुती." मी त्यांचे पाय धरले, त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली आणि आमचं भांडण तिथे मिटलं. या भजनाला त्यांनी तीन कडवी लिहिली होती. डोसाचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हा पेशंट मोठा हाय."

त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला कंपाउंडर चौथ्यांदा उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढे, आवाज थोडा कापरा. लोकांनी आधीच माना खाली घातल्या होत्या. काही जणांनी तर बूट बघायला सुरुवातही केली होती. त्यांनी पहिली ओळ म्हटली. मंडळीने मागे म्हटली. दुसऱ्या ओळीला माना वर आल्या. पहिली फेरी संपता संपता मी तबल्यावरचा हात हलका केला, कारण मला ऐकायचं होतं. आणि दुसरी फेरी ते सुरू करणार, तोच पहिल्या बाकावरून त्यांच्या आधी आवाज उठला. तिसऱ्या फेरीची वाटच कोणी बघितली नाही. बायका, पुरुष, पोरं, वेदीपुढच्या उसाच्या मोळ्यांना टेकून उभी राहिलेली माणसं, सगळे गात होते. कंपाउंडर मधे उभे, दोन्ही हात लोंबते, तोंड उघडं. त्यांना आता काही करायचंच उरलं नव्हतं. मी ढसाढसा रडत वाजवत होतो आणि माझा ठेका चुकत होता. इतक्या वर्षांत तेवढा एकदाच चुकला.

उपासना संपली. अंगणात लिलावाची गडबड सुरू झाली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या शेवंताबाईंनी कंपाउंडरांना खूण करून बोलावलं. या बाई पाथर्डीकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. सर्वांत आधी उठलेला आवाज त्यांचाच होता. आम्ही दोघे गेलो. मला वाटलं, कौतुक करणार.

"कंपाउंडर, गानं झ्याक बसवलं," त्या म्हणाल्या. "पर तिसऱ्या कडव्यात चुकला तुमी."

"कुठं चुकलं, मावशी?"

"तुमी म्हनला, 'पायात काटा हाय, उशीर झाला, देवा'. तसं न्हाई त्ये. 'कडंवर लेकरू हाय, उशीर झाला, देवा', असं हाय. माजी आई म्हनायची."

मला हसू फुटलं. "अहो मावशी, हे गाणं तर यांनीच परवा..." एवढ्यात कंपाउंडरांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

शेवंताबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "मी चार वर्साची आसन. आई ऊसतोडीला गेल्ती, तिकडं राहात्याच्या अंगाला. तितंच तापानं गेली. मामीनं वाढवलं मला. आईचं तोंड आठवत न्हाई, फोटू न्हाई, काय न्हाई. इतकी वर्सं मला वाटायचं, तिचं काय बी ऱ्हायलं न्हाई माज्यापाशी. आन् आज तुमी गायला लागला, तर एकदम आलं बगा. आईच म्हनत हुती. चालत चालत म्हनायची. आन् मी तिच्या कडंवर हुते." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पदरातूनच हसल्या.

कंपाउंडर एकदम मोकळ्या आवाजात म्हणाले, "बरोबर हाय, मावशी. माजंच चुकलं. कडंवर लेकरू. सांगा पुन्हा, ह्यो लिहून घेतोय." आणि मला म्हणाले, "लिही." मी मोबाईल काढला आणि मावशींनी दोनदा सांगितलं तसं दोनदा टाईप केलं.

दोन महिन्यांनी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची होती. मी तेव्हा कमिटीवर होतो, म्हणून छापण्याआधीची पानं तपासायला माझ्याकडे आली. भजन होतं. बरोबर मास्तरांच्या भजनासमोरच्या पानावर. मास्तरांच्या भजनाखाली मास्तरांचं नाव होतं. या भजनाखाली छापलं होतं, 'जुने भजन'. आमचे पाळकसाहेब नवीन, सणानंतरच बदलून आलेले होते, आणि शेवंताबाईंनी त्यांना आईची सगळी हकिकत सांगितली होती. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचं तरी काय चुकलं?

माझं डोकं फिरलं. पानं घेऊन तसाच स्कूटरवर बसलो आणि कंपाउंडरांच्या घरी गेलो. "एक फोन करतो पाळकसाहेबांना," मी दारातूनच म्हणालो, "अजून छापखान्यात गेलेलं नाही. तुमचं नाव घालून देतो." त्यांनी चष्मा लावला. ती दोन पानं शेजारी शेजारी मांडून पुष्कळ वेळ बघत बसले. वडिलांच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पेन मागितलं. मला वाटलं, स्वतःच लिहितायत, बरं झालं.

त्यांनी नाव लिहिलं नाही. तिसऱ्या कडव्यात त्यांचीच जुनी ओळ राहून गेली होती; मोबाईलवरची दुरुस्ती पुढे द्यायला मी गाढव विसरलो होतो. 'पायात काटा हाय' हे शब्द खोडून त्यांनी वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कडंवर लेकरू हाय'. आणि पानं मला परत दिली.

मी ओरडलोच. "काका, जन्मभर एक पान मागत होतात तुम्ही! हे तुमचं पान आहे!"

"वरडू नगं, ही झोपलीय आत," ते म्हणाले. "नाव छापलं की कुनीतरी त्या बाईला सांगनार. मंग तिची आई परत मरंल. दुसऱ्यांदा. त्ये काम मी करू?"

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "लई वाटतंय. पर माजे बाबा मला ठाऊक हायेत. मार खाल्लाय त्यांचा. तिच्यापाशी आईचं येवढंच हाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कंपाउंडर गेले. पुण्याहून सॅमी आला होता, कबरीशी लहान पोरासारखा रडला, आणि त्याच आठवड्यात त्याने मोबाईलवर जगाला सांगून टाकलं की गुऱ्हाळची सगळी गाणी कोणाची होती. म्हणजे 'फाटक बंद' आणि 'उद्या ये'खाली आता त्यांचं नाव लागतं. ते तुम्हाला कुठेही सापडेल, म्हणून मी इथे मुद्दामच दिलेलं नाही. कारण मला लिहायचं होतं ते दुसऱ्याच गाण्याबद्दल, आणि त्याच्याशी त्यांचं नाव जोडायचं नाही, असा शब्द मी त्यांना दिला आहे. आज एवढंही लिहायची हिंमत केली, ती शेवंताबाईंना वाचता येत नाही म्हणून.

त्या अजून पहिल्या बाकावर असतात. कधी आमच्याकडे हंगामाच्या सणाला आलात, तर ते भजन ऐकाल. त्या तुमचा हात धरून सांगतील, हे माझ्या आईचं गाणं आहे. तेव्हा तुम्ही "व्हय, मावशी" म्हणा. मी तसंच म्हणतो.